हौस न्यूटची, कसोटी कायद्याची

घरातील काचपेटीत गोल्डफिश आणि गप्पी पोहत असण्याचे दिवस आता मागे पडू लागले आहेत. मुंबई-पुण्यातील मत्स्यालयांच्या दुकानांत गेल्या काही वर्षांत एक वेगळाच पाहुणा दिसू लागला. चार पाय, चपटे शेपूट, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचे हसू. हा मेक्सिकोतील ॲक्सोलॉटल. 'माइनक्राफ्ट' या संगणकीय खेळात २०२१ मध्ये त्याचा समावेश झाला आणि जगभरातील शाळकरी मुलांच्या तोंडी त्याचे नाव गेले. त्याच्या पाठोपाठ चीन आणि जपानमधील लाल पोटाचे न्यूट, युरोपातील सॅलॅमँडर अशा शेपटीवाल्या उभयचरांची हौसही शहरी मध्यमवर्गात रुजू पाहत आहे. पाळण्यापासून सुरू झालेली ही हौस हळूहळू प्रजननापर्यंत पोहोचते. घरच्या घरी अंडी मिळवायची, त्यातून निघालेली पिल्ले वाढवायची आणि मित्रमंडळींना द्यायची किंवा विकायची, असा हा प्रवास असतो.

वरकरणी हा निरुपद्रवी छंद वाटतो. मात्र, त्याच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत. हे प्राणी येतात कोठून, त्यांच्यासोबत आणखी काय येते आणि घरात जन्मलेल्या शेकडो पिल्लांचे पुढे काय होते, हे ते प्रश्न. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आणि २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नोंदणी नियमांनी त्यांची उत्तरे देण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रयत्न कोठवर पोहोचतो आणि कोठे अपुरा पडतो, हे तपासण्यासाठी न्यूटइतका बोलका प्राणी दुसरा सापडणार नाही.

तीन प्राणी, तीन कायदे

महाराष्ट्रात निसर्गतः एकही न्यूट किंवा सॅलॅमँडर आढळत नाही. सह्याद्रीत बेडूक, भेक आणि गांडुळासारखे दिसणारे पायविरहित सिसिलियन आहेत. शेपटीवाले उभयचर मात्र नाहीत. भारतात हा गट पूर्व हिमालय आणि ईशान्येपुरता मर्यादित आहे. दार्जिलिंगच्या डोंगरांतील तळ्यांत आणि मणिपूरसारख्या राज्यांत पाठीवर गाठींच्या रांगा असलेला 'क्रोकोडाइल न्यूट' राहतो. पावसाळा सुरू झाला, की तो प्रजननासाठी उथळ पाण्यात उतरतो. तो कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, बाळगणे किंवा विकणे गुन्हा ठरतो. त्याचे संपूर्ण 'टायलोटोट्रायटन' हे कुल २०१९ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाले. धोक्यात आलेल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्याचा सदस्य झाला.

दुसरा प्राणी ॲक्सोलॉटल. तो न्यूट नसला, तरी सॅलॅमँडरच्याच गणातील आहे. तोही साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात मोडतो. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने पूर्वीच्या सहा अनुसूची मोडीत काढून चार केल्या. त्यांपैकी चौथी अनुसूची साइट्समधील प्रजातींसाठी आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी त्याची माहिती देऊन नोंदणी करणे बंधनकारक झाले. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले. आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत देण्यात आली. त्यानंतर आलेल्या प्राण्याची नोंद तीस दिवसांत करायची आहे. अर्ज 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. म्हणजे घरातील काचपेटीत एक ॲक्सोलॉटल असेल, तर त्याचा कागद असलाच पाहिजे.

तिसरा प्राणी म्हणजे छंदिष्टांचा आवडता, चीन-जपानमधील लाल पोटाचा न्यूट. तो साइट्सच्या यादीत नाही. त्यामुळे तो चौथ्या अनुसूचीत नाही आणि म्हणून या नोंदणीच्या कक्षेतही येत नाही. परदेशातून तो आणायचा असेल, तर परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि पशू विलगीकरण विभागाची संमती लागते. पण एकदा तो देशात आला, एका घरातून दुसऱ्या घरात गेला, त्याने अंडी घातली आणि पिल्ले पाच शहरांत पोहोचली, की त्याचा माग ठेवणारी कोणतीही यंत्रणा उरत नाही. एकाच काचपेटीत शेजारी-शेजारी ठेवता येतील अशा तीन प्राण्यांपैकी एक बाळगणे गुन्हा, दुसरा बाळगण्यासाठी नोंदणी आणि तिसऱ्याला नोंदणीचेही बंधन नाही, अशी ही व्यवस्था आहे. विक्रेत्याने कोणत्या नावाने प्राणी विकला, एवढ्यावर ग्राहकाची कायदेशीर स्थिती ठरते आणि सामान्य ग्राहकाला या प्रजातींमधील फरक ओळखता येत नाही.

अंड्यापासून पिल्लापर्यंत

न्यूटचे प्रजनन हा चिकाटीची परीक्षा पाहणारा उद्योग आहे. थंड प्रदेशातील बहुतेक न्यूटना विणीसाठी आधी हिवाळ्याचा गारवा लागतो. पाण्याचे तापमान काही आठवडे उतरले आणि पुन्हा हळूहळू चढले, की नराचे प्रियाराधन सुरू होते. नर शुक्राणूंची पुडी तळाशी सोडतो आणि मादी ती उचलून घेते. त्यानंतर मादी एकेक अंडे पाणवनस्पतीच्या पानावर ठेवते आणि मागच्या पायांनी ते पान दुमडून अंडे झाकते. एका हंगामात शंभराहून अधिक अंडी सहज होतात. ॲक्सोलॉटलच्या बाबतीत तर एका वेळी शंभरापासून हजारापर्यंत अंडी मिळतात. मोठे न्यूट आपलीच अंडी खातात. म्हणून पाने उचलून वेगळ्या भांड्यात ठेवावी लागतात.

दोन ते तीन आठवड्यांत अंड्यांतून डिंभ बाहेर पडतात. डिंभ म्हणजे पूर्ण रूप न आलेले पिल्लू. बेडकाच्या बाबतीत त्यालाच बेडकाचे पिल्लू किंवा भैकेर म्हणतात. पण दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. बेडकाचे पिल्लू बहुधा शेवाळ कुरतडून वाढते, तर न्यूटचा डिंभ पहिल्या दिवसापासून शिकारी असतो. हलणारे, जिवंत भक्ष्यच त्याला लागते. त्यासाठी आर्टेमिया या खारट पाण्यातील सूक्ष्म कोळंबीवर्गीय जिवाची अंडी रोज मिठाच्या कोमट पाण्यात उबवावी लागतात. निघालेली पिल्ले गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून एक-दोनदा खाऊ घालावी लागतात. डॅफ्निया अर्थात पाणपिसू वेगळ्या टाकीत वाढवावे लागतात. अन्न कमी पडले किंवा गर्दी झाली, की डिंभ एकमेकांचे पाय आणि कल्ले तोडतात. तुटलेला अवयव पुन्हा उगवतो, ही या प्राण्यांची कीर्ती. परंतु जखमेतून बुरशी शिरली, तर पिल्लू दगावते. म्हणून आकारानुसार त्यांची विभागणी करावी लागते आणि अनेकदा प्रत्येक डिंभाला स्वतंत्र पेला द्यावा लागतो.

काही महिन्यांनी न्यूटचे रूपांतरण होते. कल्ले झडतात, पिल्लू पाण्याबाहेर येते आणि काही प्रजातींमध्ये ते पुढील एक-दोन वर्षे पाण्यात परत जाण्यास नकार देते. या जमिनीवरच्या टप्प्यात त्याला अतिशय बारीक जिवंत कीटक लागतात. नवख्या पालकाची बहुतेक पिल्ले येथेच मरतात. ॲक्सोलॉटलमध्ये हे रूपांतरण सहसा होतच नाही. तो आयुष्यभर डिंभाच्याच रूपात राहतो आणि त्याच रूपात प्रजनन करतो. त्यामुळे तो पाळायला सोपा आणि म्हणूनच बाजारात अधिक लोकप्रिय ठरला.

तामलवाडीचा हिशेब

हा सारा व्याप शहरातील वातानुकूलित खोलीपुरता मर्यादित राहिला असता, तर चर्चेची व्याप्तीही तेवढीच राहिली असती. परंतु घरबसल्या उत्पन्नाचे साधन म्हणून शोभिवंत जलचरांच्या संगोपनाकडे आता निमशहरी आणि ग्रामीण भागही पाहू लागला आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी तीन लाख रुपये प्रकल्पखर्च धरण्यात आला असून, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. मासे आणि न्यूट यांच्यातील अंतर कायद्यात मोठे असले, तरी टाकी, पंप आणि आर्टेमियाचा डबा दोहोंना सारखाच लागतो. त्यामुळे एकातून दुसऱ्याकडे वळणे सोपे आहे.

या पार्श्वभूमीवर धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडीसारख्या गावाचा विचार करून पाहण्यासारखा आहे. सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या भाविकांना आणि महामार्गावरील वाहनचालकांना हे गाव परिचयाचे आहे. रस्त्याची सोय आहे, सोलापूरची बाजारपेठ जवळ आहे. परसातील पूरक उद्योगासाठी आवश्यक ते बरेचसे येथे आहे. नाही ते गार पाणी. या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातील साठवणीचे पाणीही तिशीच्या आसपास राहते. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवते आणि २४ अंशांच्या पुढे तो आजारी पडू लागतो. बहुतेक थंड प्रदेशांतील न्यूटचीही स्थिती वेगळी नाही. म्हणजे पाणी गार करणारे यंत्र उन्हाळाभर अहोरात्र चालू ठेवावे लागेल. वीज काही तास गेली, की शेकडो पिल्लांची टाकी एका दुपारीत रिकामी होऊ शकते.

पाण्याचा हिशेब त्याहून बोलका आहे. शंभर डिंभ स्वतंत्र पेल्यांत ठेवले आणि प्रत्येकाला पाव लिटर पाणी रोज बदलून दिले, तर दिवसाला २५ लिटर पाणी लागते. मोठ्या टाक्यांचे पाणी बदलणे आणि भांडी धुणे वेगळे. हे पाणीही कसेही चालत नाही. ब्लिचिंग पावडर टाकलेले नळाचे पाणी क्लोरिन काढल्याशिवाय वापरले, तर डिंभांचे नाजूक कल्ले जळतात. जलजीवन मिशनचा निकष ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचा आहे. याचा अर्थ एका माणसाच्या वाट्याच्या निम्म्याच्या जवळपास पाणी एका विणीच्या पेल्यांत जाते. शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण मराठवाड्यात अद्याप ताजी आहे. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या घराने थंड डोंगरी ओढ्यातला प्राणी पोसावा, हे अर्थकारणाच्याच नव्हे, तर विवेकाच्या कसोटीवरही टिकणारे नाही.

यावर छंदिष्टांचे म्हणणे असे असते, की असे प्राणी उष्ण प्रदेशात पाळणारेच मुळात थोडे आणि पळालेला न्यूट तामलवाडीच्या शेततळ्यात एक उन्हाळाही काढू शकणार नाही. हे म्हणणे चुकीचे नाही. थंड पाण्यातील न्यूट दख्खनच्या पठारावर आक्रमक प्रजाती बनेल, ही भीती अतिशयोक्त आहे. पण धोका केवळ प्राण्याच्या जगण्याचा नसतो. तो ज्या पाण्यात राहिला, त्या पाण्याचाही असतो.

पाण्यासोबत येणारी बुरशी

नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील एका जंगलात पिवळ्या-काळ्या 'फायर सॅलॅमँडर'ची संख्या २०१० पासून अचानक कोसळू लागली. अवघ्या तीन वर्षांत त्यांतील ९६ टक्के प्राणी नाहीसे झाले. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधले. ती सॅलॅमँडरची त्वचा पोखरणारी, तोवर अज्ञात असलेली कायट्रिड गटातील बुरशी होती. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले, की ही बुरशी मूळची आशियातील असून, तेथील काही न्यूट तिच्यासोबत जगायला शिकलेले आहेत. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात पोहोचल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या २०१ प्रजातींच्या आयातीवर निर्बंध घातले. युरोपीय महासंघानेही २०१८ मध्ये व्यापारासाठी आरोग्यविषयक अटी लागू केल्या.

तिचीच बहीण असलेली दुसरी बुरशी तर बेडकांवर जगभर हल्ला करीत आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या किमान ५०१ प्रजातींची संख्या घटली आणि त्यांतील ९० प्रजाती नामशेष झाल्या असाव्यात. ही बुरशी सह्याद्रीलाही अपरिचित नाही. पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर पश्चिम घाटातील बेडकांमध्ये तिचा संसर्ग आढळला होता. तेथे सापडलेला वाण आशियातील स्थानिक होता आणि बेडकांच्या मोठ्या प्रमाणावरील मृत्यूंचे चित्र दिसले नाही, ही समाधानाची बाब. मात्र, याच कारणाने परदेशातून येणाऱ्या अधिक घातक वाणापासून सावध राहणे आवश्यक ठरते. आंबोलीच्या पठारावरील भेकासारख्या प्रजाती जगाच्या पाठीवर मूठभर जागेतच उरल्या आहेत. त्यांच्यावर असा प्रयोग होऊ देणे परवडणारे नाही.

सॅलॅमँडरची बुरशी उष्णतेत तग धरत नाही. पंचवीस अंशांच्या पुढे तिची वाढ खुंटते. त्यामुळे तामलवाडीच्या ओढ्याला तिच्यापासून भय नाही. पण तामलवाडीतून, सोलापुरातून किंवा पुण्यातून पार्सलने निघालेले पिल्लू दार्जिलिंगच्या पायथ्याशी असलेल्या शहरातही पोहोचू शकते. देशांतर्गत प्रवासासाठी त्याला आरोग्य प्रमाणपत्र विचारणारी यंत्रणा प्रत्यक्षात कोठेच दिसत नाही. काचपेटीतील पाणी मोरीत ओतायचे की परसात, ते आधी निर्जंतुक करायचे की नाही, याबद्दल विक्रेता काही सांगत नाही आणि शासनाचे मराठीतील साधे पत्रकही ग्राहकाच्या हाती पडत नाही.

उजनीने दिलेला धडा

हौसेचे प्राणी काचपेटीतून नदीत कसे जातात, हे शोधण्यासाठी सोलापूरकरांना परदेशी उदाहरणांची गरज नाही. भीमेवरील उजनी जलाशयात मूळच्या दक्षिण अमेरिकेतील सकर माशाने अनेक वर्षांपासून ठाण मांडले आहे. काचेला चिकटून शेवाळ खाणारा, टाकी स्वच्छ ठेवणारा मासा म्हणून तो घरोघरी गेला. तो वाढून टाकीत मावेनासा झाला, की कोणीतरी 'जीवदान' म्हणून त्याला पाण्यात सोडले. त्याच्या अंगावर कठीण खवल्यांचे चिलखत असते. तो मच्छीमारांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नसतो. त्याआधी १९५२ मध्ये देशात आणलेल्या तिलापियाने, म्हणजे स्थानिक बोलीतील चिलापीने, याच जलाशयात देशी माशांची जागा मोठ्या प्रमाणावर व्यापली. तिलापिया शासनाच्या धोरणातून आला, तर सकर हौसेतून. परिणाम भोगणारा मच्छीमार मात्र एकच.

शहरांतील तलावांतून दिसणारी लाल कानाची अमेरिकी कासवे हेच सांगतात. 'सोडून देणे' ही आपल्याकडे करुणेची कृती मानली जाते. पाळलेला प्राणी नकोसा झाला, तर त्याला मारणे पाप वाटते, तो परत घेणारे कोणी नसते आणि नदी जवळ असते. ही मानसिकता दंडाच्या भीतीने बदलत नाही. उलट नोंदणी न केलेला प्राणी ताब्यात असल्याची भीती वाटू लागली, की तो गुपचूप सोडून देण्याचा मोह वाढतो. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांनी या विरोधाभासाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

घरचे प्रजनन: संरक्षण की बाजार?

न्यूट पाळणाऱ्यांचा सर्वांत सबळ युक्तिवाद असा, की घरात जन्मलेले प्रत्येक पिल्लू जंगलातील एका प्राण्याला वाचवते. त्यात तथ्य आहे. लाओसमधील एका नव्या न्यूटचे शास्त्रीय वर्णन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या निबंधातील ठिकाणांचा आधार घेऊन व्यापारी तेथे पोहोचले आणि काही वर्षांतच तो प्राणी जर्मनी-जपानच्या बाजारात विक्रीस आला. विज्ञानाने दिलेले नावच त्याच्या जिवावर उठले. इराणमधील नक्षीदार 'कैसर न्यूट'ही व्यापारासाठी इतका पकडला गेला, की २०१० मध्ये त्याला साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत टाकावे लागले. आता युरोपातील छंदिष्ट त्याचे प्रजनन करतात आणि जंगलातून पकडलेल्या प्राण्यांची मागणी त्यामुळे घटू शकते.

पण नाण्याची दुसरी बाजू ॲक्सोलॉटलने दाखविली आहे. १८६४ मध्ये मेक्सिकोतून पॅरिसला नेलेल्या मोजक्या प्राण्यांपासून जगभरातील प्रयोगशाळांचा आणि घरांचा बहुतांश साठा तयार झाला. आज बंदिवासात त्यांची संख्या अगणित आहे आणि मेक्सिकोने २०२१ मध्ये काढलेल्या ५० पेसोच्या नोटेवरही तो विराजमान आहे. त्याचे मूळ घर असलेल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत मात्र १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरमागे सुमारे सहा हजार असलेले ॲक्सोलॉटल २०१४ मध्ये ३६ वर आले. घरातील लाखो पिल्लांनी रानातील एकही वाचविला नाही, कारण तेथील समस्या पकडण्याची नव्हती. दूषित पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया, ही तिची कारणे होती. शिवाय प्रयोगशाळेतील वंशात १९६० च्या दशकात दुसऱ्या सॅलॅमँडरचे रक्त मिसळले गेले. त्यामुळे दुकानातील पांढरा-गुलाबी प्राणी रानात सोडण्यायोग्य राहिलेला नाही. याउलट, वंशावळीची नोंद ठेवून संशोधकांनी वाढविलेले १८ ॲक्सोलॉटल नियंत्रित पाणथळीत सोडल्यावर ते जगले आणि त्यांनी शिकारही केली, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. संरक्षणासाठीचे प्रजनन आणि हौसेचे प्रजनन यांतील फरक प्राण्यांच्या संख्येत नसून नोंदवहीत आहे, हा त्याचा अर्थ.

नियम मकावसाठी, पिल्ले न्यूटची

आणि येथेच भारतीय नियमांची अडचण सुरू होते. चौथ्या अनुसूचीतील प्राण्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू कळविण्याचे बंधन कायद्यातील कलम ४९-एम घालते. ही रचना मकाव पोपट, इग्वाना किंवा अजगर डोळ्यांसमोर ठेवून केलेली असावी, असे वाटते. मकावला वर्षात दोन-तीन पिल्ले होतात. त्यांच्या पायात कडे घालता येते, त्यांची स्वतंत्र ओळख ठेवता येते. ॲक्सोलॉटलच्या एका विणीत पाचशे डिंभ जन्माला आले आणि महिनाभरात चारशे दगावले, तर त्यांची नोंद कशी ठेवणार? सेंटिमीटरभर लांबीच्या पारदर्शक पिल्लाला कोणती खूण करणार? पाचशे जन्म आणि चारशे मृत्यू कळविणारा प्रामाणिक पालक वन खात्याच्या एखाद्या कर्मचाऱ्याला आठवडाभर गुंतवून ठेवील. प्रत्यक्षात असा पालक क्वचितच पुढे येईल. जो नियम अक्षरशः पाळणे अशक्य असते, तो सर्रास मोडला जातो आणि मग निवडक कारवाईचे हत्यार तेवढे उरते.

याआधी जून २०२० मध्ये केंद्राने विदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा-घोषणेची योजना आणली होती. सहा महिन्यांत माहिती देणाऱ्याला मूळ कागदपत्रे विचारली जाणार नव्हती. देशभरातून तीस हजारांहून अधिक लोकांनी तिचा लाभ घेतला. त्यावर तस्करीचा माल कायदेशीर करून घेण्याची ही संधी ठरली, अशी टीका झाली. दुसरीकडे, देशात विदेशी प्राण्यांचा आवाका किती मोठा आहे, याचा पहिला अंदाजही याच योजनेने दिला. दरम्यान तस्करी थांबलेली नाही. मुंबईच्या विमानतळावर २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात विषारी साप, सरडे आणि अन्य शेकडो जीव सापडले. पिशवीत कोंबलेल्या प्राण्यांपैकी किती वाटेतच मरतात, याची गणती कोणत्याही अर्जात नसते.

पुढे काय?

उपाय अवघड नाहीत, त्यांना सरकारी इच्छाशक्तीची जोड मात्र हवी. पहिला, उभयचरांच्या नोंदणीसाठी वेगळा नमुना असावा. जन्माची नोंद प्रत्येक डिंभाची न करता विणीची व्हावी आणि ठराविक वयापर्यंत जगलेल्या पिल्लांचीच संख्या कळवावी. हस्तांतरणाची नोंद मात्र काटेकोर असावी, कारण व्यापाराची सुरुवात तेथूनच होते. दुसरा, साइट्सच्या यादीत नसलेल्या विदेशी उभयचरांनाही किमान आरोग्य तपासणी लागू व्हावी. आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार आणि ताबा यांवर नियमन करण्याचा अधिकार कलम ६२-अ ने केंद्राला दिलेला आहे. रोग वाहून आणणाऱ्या प्रजातींसाठी त्याचा वापर कसा करता येईल, हे तपासले पाहिजे. तिसरा, नकोसे झालेले प्राणी कोणताही प्रश्न न विचारता स्वीकारणारी केंद्रे महानगरांत तरी उभी राहिली पाहिजेत. उजनीतला सकर अशा केंद्राच्या अभावाचेच अपत्य आहे. चौथा, विक्रेत्यावर जबाबदारी टाकली पाहिजे. प्रजातीचे शास्त्रीय नाव, कायदेशीर स्थिती, लागणारे तापमान आणि पाण्याची विल्हेवाट यांची माहिती मराठीत लिहून दिल्याशिवाय विक्री होता कामा नये.

ग्रामीण भागापुरते बोलायचे, तर शासकीय यंत्रणेने परसातील संगोपनाच्या योजना राबविताना सीमारेषा स्पष्ट सांगितली पाहिजे. स्थानिक हवामानात, मर्यादित पाण्यात वाढणारे शोभिवंत मासे कोणते, कोणते जीव टाळायचे आणि कोणत्यांसाठी नोंदणी लागते, याची यादी मत्स्यव्यवसाय आणि वन या दोन्ही खात्यांनी मिळून द्यायला हवी. आज मत्स्यव्यवसाय खाते उत्पादन मोजते आणि वन खाते गुन्हे. मधल्या जागेत उभा असलेला होतकरू तरुण चलच्चित्रे पाहून निर्णय घेतो.

न्यूटच्या हौसेत वाईट असे काही नाही. पानाच्या घडीत अंडे लपविणारी मादी, पाचव्या आठवड्यात पुढचे पाय फुटलेले पिल्लू, तुटलेल्या जागी पुन्हा उगवणारा अवयव हे पाहण्याचे कुतूहल प्रत्येक मुलाला असावे. त्या कुतूहलातूनच उद्याचे संशोधक घडतात. १९२४ मध्ये न्यूटच्या भ्रूणांवर केलेल्या प्रयोगांनी शरीराची घडण कशी ठरते, याचे कोडे सोडविण्याची दिशा दिली आणि त्या कार्यासाठी हान्स स्पेमान यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे कुतूहल भागविण्यासाठी लाओसमधला ओढा रिकामा करण्याची गरज नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर तामलवाडीच्या शिवारातील साचलेल्या पाण्यातही शेकडो बेडूक डरांव करीत असतात आणि त्यांची अंडी, पिल्ले, शेपूट गळण्याचा सोहळा काही आठवड्यांत जागच्या जागी पार पडतो. त्यांना उचलून घरी आणण्याचीही आवश्यकता नाही. त्या डबक्याच्या काठावर बसण्याइतका वेळ काढला, तरी पुरे. आणि पुढील पावसाळ्यापर्यंत ते डबके बुजविले जाणार नाही, एवढे पाहण्याची जबाबदारी मात्र घेतली पाहिजे.